वयस्क जलतरणपटूंचे विक्रम आणि क्रमवारी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पंचविशी ओलांडलेल्या जलतरणपटूंच्या ‘मास्टर्स’ स्पर्धांविषयी या सदराकडे अलीकडे बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे : अमुक स्पर्धेत मी अमुक वेळ नोंदवली, ती यादीतल्या, म्हणजे वयोगटानुसार सर्वोत्तम वेळांच्या क्रमवारीतल्या, वेळेपेक्षा सरस आहे, मग माझे नाव यादीत का नाही? घड्याळात दिसलेली वेळ आणि यादीत धरली जाणारी वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्पर्धेच्या दिवशी तलावाकाठी हजर नसलेल्या माणसाला केवळ कागदपत्रे पाहून त्या वेळेची खात्री पटली पाहिजे, हीच पात्रतेच्या सगळ्या नियमांमागची अट आहे. पत्रांतील काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांत ‘जागतिक’ म्हटले आहे तेथे वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या संघटनेचे नियम अभिप्रेत आहेत; २०२२ च्या अखेरीपर्यंत हीच संघटना ‘फिना’ या नावाने ओळखली जात होती.

माझा जन्म नोव्हेंबर १९७६ चा आहे. २०२६ च्या फेब्रुवारीत मी स्पर्धेत उतरलो, तेव्हा मला पन्नाशी पूर्ण झालेली नव्हती, तरीही संयोजकांनी मला ५०–५४ या गटात घातले. हे बरोबर आहे का? (एक वाचक, पुणे)

बरोबर आहे. मास्टर्स जलतरणात स्पर्धेच्या दिवशीचे वय पाहत नाहीत. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे वय पूर्ण झालेले असेल, ते वर्षभर धरले जाते. त्यामुळे १९७६ साली जन्मलेले सर्व स्पर्धक, त्यांचा वाढदिवस जानेवारीत असो की डिसेंबरात, २०२६ च्या पहिल्या दिवसापासून पन्नाशीचे मानले जातात. गट पाच-पाच वर्षांचे असतात आणि ते २५–२९ पासून सुरू होऊन शंभरीच्याही पुढे जातात. गट बदलण्याचे वर्ष जवळ आले की बहुतेक जुने स्पर्धक सरावाला जोर चढवतात, कारण नव्या गटात आपण सर्वांत तरुण असतो आणि यादीत वर चढण्याची संधी त्या पहिल्या वर्षीच सर्वाधिक असते.

या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज कोरोनीस यांचे आहे. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गोल्ड कोस्ट येथे ते ५० मीटर फ्रीस्टाइल ५६.१२ सेकंदांत पोहले आणि १००–१०४ या गटातील आधीचा विक्रम त्यांनी सुमारे ३५ सेकंदांनी मागे टाकला. त्या दिवशी त्यांचे वय ९९ होते, शंभरी एप्रिलात भरायची होती. तरीही ते शंभरीच्या गटात बसत होते, कारण ३१ डिसेंबर २०१८ ला ते शंभर वर्षांचे असणार होते. त्या शर्यतीत त्यांच्याशिवाय दुसरा कोणी स्पर्धक नव्हता. राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीच्या वेळी, तेथील पंच आणि तेथील वेळयंत्रणा उपलब्ध असताना, ही शर्यत मुद्दाम ठेवण्यात आली होती. काही दिवसांनी त्यांनी १०० मीटरचे अंतर २ मिनिटे २४.२१ सेकंदांत कापले. शंभरीच्या उंबरठ्यावरच्या माणसालाही विक्रमासाठी योग्य तलाव, योग्य पंच आणि योग्य यंत्रणा असलेला दिवस निवडावा लागला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५५ ही जन्मतारीख आहे. आमच्या पिढीतल्या अनेकांची तारीख गुरुजींनीच लावलेली आहे. आईच्या सांगण्यावरून माझा खरा जन्म १९५४ च्या भाद्रपदातला. मी कोणते वर्ष लिहावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

ज्या कागदाच्या आधारे आपला पासपोर्ट झाला आहे, तेच वर्ष लिहावे आणि पुढे कधीही बदलू नये. विक्रमाच्या अर्जासोबत वयाचा अधिकृत पुरावा जोडावा लागतो आणि परदेशातील स्पर्धेत तो पुरावा म्हणजे पासपोर्टच असतो. आईची आठवण खरी असली, तरी तपासणाऱ्याला ती पडताळून पाहता येत नाही. १ जून ही तारीख असल्याने आपले काही बिघडत नाही, कारण वर वर्णन केलेल्या नियमात महिना आणि दिवस यांना काही महत्त्वच उरत नाही. फरक पडतो तो वर्षाचा. आपल्या बाबतीत तो फरक एका वर्षाचा आहे, म्हणजे आपण प्रत्येक नव्या गटात एक वर्ष उशिरा जाल. हे नुकसान आहे खरे, पण ते सोसावे. एका स्पर्धेत आधार कार्ड आणि दुसरीत जुना जन्मदाखला दाखवून सोयीप्रमाणे गट निवडणारे स्पर्धक आपल्याकडे नाहीत असे नाही. दोन निकालपत्रकांवर एकाच व्यक्तीची दोन जन्मवर्षे दिसली, तर दोन्ही वेळांविषयी संशय निर्माण होतो.

आमच्या शहरात दरवर्षी मोठी ‘मास्टर्स’ स्पर्धा भरते. तेथे मी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दिलेली वेळ जागतिक यादीतल्या दहाव्या क्रमांकापेक्षा चांगली होती. संयोजकांनी प्रमाणपत्रही दिले, पण यादीत नाव आले नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

पहिली गोष्ट स्पर्धा कोणाची होती, ही. जागतिक संघटना प्रत्येक देशातील एकाच संघटनेला सदस्य मानते. भारतात ती भारतीय जलतरण महासंघ ही आहे. महासंघाच्या किंवा त्याच्याशी संलग्न राज्य संघटनेच्या मान्यतेने झालेल्या स्पर्धेचे निकालच वरपर्यंत पोहोचतात. ‘मास्टर्स’ हे नाव कोणीही लावू शकतो आणि अनेक खेळांची मिळून भरवलेली ज्येष्ठांची संमेलनेही ते लावतात. त्या स्पर्धा वाईट असतात असे नाही, परंतु त्यांचे निकाल जलतरणाच्या यादीत धरले जातीलच असे गृहीत धरता येत नाही. त्याचप्रमाणे स्पर्धकही नोंदणीकृत असावा लागतो. मास्टर्स स्पर्धांत कोणी देशाचे प्रतिनिधित्व करत नाही. प्रत्येक जण आपल्या क्लबच्या नावाने उतरतो, अगदी जागतिक स्पर्धेतसुद्धा. छातीवर तिरंगा लावून फोटो काढण्याची हौस समजू शकते, पण निकालपत्रकावर नाव क्लबचेच असते.

दुसरी गोष्ट तलावाची लांबी. जागतिक विक्रम ५० मीटर आणि २५ मीटर अशा दोनच लांबींच्या तलावांत होतात आणि दोहोंच्या याद्या वेगळ्या ठेवतात. तलावाला ठरलेल्या लांबीपेक्षा किंचित जास्त असण्याची अल्पशी मुभा आहे, कमी असण्याची मुळीच नाही. मोजणी पाण्याच्या पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटर वर ते ८० सेंटिमीटर खाली अशा पट्ट्यात, प्रत्येक लेनमध्ये, अधिकृत मोजणीदाराकडून करून घ्यावी लागते. टचपॅड, म्हणजे हात लागताच वेळ नोंदवणारी भिंतीवरची पट्टी, बसवल्यानंतरही अंतर पुरे भरले पाहिजे, ही अट विसरल्यामुळे अनेक तलाव नापास होतात. कागदावर नेमके ५० मीटर बांधलेल्या तलावात पुढे फरशा बदलल्या, भिंतीला नवा गिलावा दिला आणि वर पॅड लटकवले की लांबी सहज कमी पडते. समजा तलाव पाच सेंटिमीटरने आखूड आहे. १५०० मीटरच्या शर्यतीत ३० लांब्या होतात, म्हणजे पोहणारा दीड मीटर कमी पोहतो. सेकंदाला एक मीटर या वेगाने पोहणाऱ्याला दीड सेकंद फुकटात मिळतो. ज्या यादीत दोन नावांमधील अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, तेथे दीड सेकंद ही फार मोठी देणगी झाली. तलावात सरकती भिंत असेल तर नियम आणखी कडक होतो : ज्या सत्रात विक्रम झाला, ते सत्र संपल्यावर त्या लेनची लांबी पुन्हा मोजून तशी नोंद करावी लागते.

तिसरी गोष्ट घड्याळाची. विक्रम सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवतात आणि त्यासाठी हाताने चालवलेले एकच स्टॉपवॉच पुरेसे होत नाही. यंत्रणा नसेल तेथे एका लेनवर तीन घड्याळे ठेवतात. त्यांपैकी दोन जुळली तर ती वेळ धरतात, तिन्ही वेगळी असली तर मधली वेळ आणि दोनच घड्याळे चालली तर त्यांची सरासरी. हाताने घेतलेल्या वेळेत माणसाच्या प्रतिक्रियेचा वेळ मिसळतो. म्हणूनच विक्रमांसाठी टचपॅड आणि स्टार्टरच्या, म्हणजे शर्यत सुरू करणाऱ्या पंचाच्या, इशाऱ्याशी जोडलेली यंत्रणा अपेक्षित असते, आणि यंत्राने काढलेली मूळ छापील पट्टी अर्जाला जोडावी लागते. एक्सेलमध्ये नंतर टाइप केलेला निकाल म्हणजे ही पट्टी नव्हे.

आपल्याकडे संयोजक पदके सढळ हाताने देतात, मांडवावर आणि पाहुण्यांच्या सत्कारावर खर्च करतात, मात्र तलावाच्या मोजणीचे प्रमाणपत्र मागितले की एकमेकांकडे पाहू लागतात. ही मोजणी एकदा करून दप्तरात ठेवली की स्थिर भिंतींच्या तलावाला, पुढे बांधकामात बदल होईपर्यंत, दरवेळी नवा खर्च पडत नाही. प्रवेशपत्रिका भरण्याआधी वाचकांनी संयोजकांना तीन प्रश्न विचारावेत : मान्यता कोणाची, मोजणीचे प्रमाणपत्र कोठे आहे, आणि वेळ कशाने घेणार? उत्तरे समाधानकारक नसली तर स्पर्धेत जरूर उतरावे, आनंद घ्यावा, पण यादीची आशा ठेवू नये.

मी समुद्रातल्या सनक्रॉक दीपस्तंभापासून गेटवेपर्यंतचे अंतर अनेकदा पोहले आहे आणि माझ्या वयात एवढ्या वेळात कोणी पोहल्याचे ऐकिवात नाही. याची नोंद मास्टर्स विक्रमांत होईल का? (एक वाचक, मुंबई)

नाही. जलतरणाचे जागतिक विक्रम समुद्राच्या पाण्यात मान्यच होत नाहीत. तलावाच्या पाण्यातही दर लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे लागते, कारण खारे पाणी शरीराला वर उचलते आणि पोहणे सोपे होते. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे ३५ ग्रॅम असते. त्याशिवाय भरती-ओहोटी, प्रवाह आणि वारा दर दिवशी वेगळे असल्यामुळे एका दिवसाची वेळ दुसऱ्या दिवसाच्या वेळेशी ताडून पाहण्यात अर्थ राहत नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या किंवा गेटवेसमोरच्या स्पर्धेचा निकाल हा त्या दिवसाचा, त्या पाण्यातला क्रम असतो.

सागरी पोहण्यातही विक्रम असतात, परंतु त्यांची पात्रता निरीक्षकावर अवलंबून असते. इंग्लिश खाडी पोहताना सोबतच्या बोटीवर संघटनेचा निरीक्षक असतो, पोहणाऱ्याने बोटीला किंवा माणसाला आधारासाठी हात लावलेला चालत नाही आणि पोशाख साधाच असावा लागतो. डायना नायड या अमेरिकी जलतरणपटूने २०१३ साली, वयाच्या ६४ व्या वर्षी, क्युबातील हवानापासून फ्लोरिडातील की वेस्टपर्यंतचे अंतर सुमारे ५३ तासांत पोहून काढले. जगभर त्याची वाहवा झाली. तरीही स्वतंत्र निरीक्षण आणि पुऱ्या नोंदी यांविषयीच्या आक्षेपांमुळे सागरी पोहण्याच्या क्षेत्रात त्या पोहण्याला अधिकृत मान्यता मिळाली नाही. त्यांनी एवढे श्रम घेतले, याविषयी कोणी फारसा वाद घालत नाही. वाद आहे तो नोंदींचा. आपणही पुढच्या वेळी बोटीवर नातेवाइकाऐवजी संघटनेचा निरीक्षक घ्यावा आणि त्याच्याकडून दर अर्ध्या तासाची नोंद लिहून घ्यावी.

मी न्यू जर्सीत राहते आणि तेथील मास्टर्स क्लबची सदस्य आहे. आमच्या बहुतेक स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात. त्या वेळा भारतातल्या मैत्रिणींच्या वेळांशी आणि जागतिक यादीशी कशा ताडायच्या? (एक वाचक, न्यू जर्सी)

यार्डातल्या वेळा जागतिक यादीत धरत नाहीत. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर, म्हणजे लांबी २५ मीटरपेक्षा दोन मीटरहून थोडी अधिक आखूड. इंटरनेटवर यार्डांतून मीटरमध्ये वेळ बदलून देणारी कोष्टके मिळतात. ती सराव आखण्यापुरती ठीक आहेत, यादीसाठी त्यांना काही किंमत नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना, म्हणजे यू. एस. मास्टर्स स्विमिंग, यार्डांची स्वतंत्र यादी ठेवते. आपल्या वयोगटातील पहिल्या दहांमध्ये येणे तेथे मानाचे समजले जाते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तेथे सदस्यत्व अठराव्या वर्षापासून मिळते आणि १८–२४ असा एक गटही असतो, जागतिक गट मात्र पंचविशीपासूनच सुरू होतात; आपली मुलगी १८ ते २४ वर्षांची असेल तर ती अमेरिकी यादीत येऊ शकेल, जागतिक यादीत नाही. दुसरे असे की मीटरच्या स्पर्धांत वय ३१ डिसेंबरचे धरतात, परंतु यार्डांच्या स्पर्धांत स्पर्धेच्या अखेरच्या दिवशीचे. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच महिन्यात आपण यार्डांत ४०–४४ च्या गटात आणि मीटरमध्ये ४५–४९ च्या गटात असू शकता. क्लबच्या निकालपत्रकात ही गफलत झालेली दिसली तर लगेच कळवावे. आणि वेळ धरली जाण्यासाठी पोहण्याच्या दिवशी आपले सदस्यत्व चालू असावे लागते; नूतनीकरण विसरलेल्या सदस्याची उत्तम वेळ वाया जाते.

आमच्या क्लबचे चौघे रिलेत उतरणार आहेत. वये ५२, ४७, ६१ आणि ३९. गट कोणता? आणि पहिल्या पोहणाऱ्याची वेळ वैयक्तिक यादीत धरतात का? (एक वाचक, नागपूर)

रिलेत चौघांच्या वयांची बेरीज पाहतात. आपली बेरीज १९९ येते, म्हणजे आपण १६०–१९९ या गटात याल आणि तेही त्या गटाच्या अगदी शेवटच्या टोकाला, स्वतःपेक्षा पुष्कळ तरुण संघांसमोर. चौघांपैकी एकाच्याही जागी एक वर्षाने मोठा सहकारी घेतलात तर बेरीज २०० होऊन आपण २००–२३९ मध्ये सर्वांत तरुण ठराल. असे गणित मांडणे ही लबाडी नव्हे. सगळे मुरलेले क्लब हेच करतात. चौघेही एकाच क्लबचे नोंदणीकृत सदस्य असावे लागतात. ऐनवेळी दुसऱ्या क्लबचा मित्र उसना घेता येत नाही. मिश्र रिलेत दोन पुरुष आणि दोन स्त्रिया असतात.

पहिल्या पोहणाऱ्याची सुरुवात पंचाच्या इशाऱ्यावर, म्हणजे वैयक्तिक शर्यतीप्रमाणेच होते, म्हणून त्याची वेळ वैयक्तिक विक्रमासाठी ग्राह्य असते. पुढच्या पोहणाऱ्याने घाईने उडी घेतल्यामुळे संघ अपात्र ठरला, तरी पहिल्याचे अंतर आधीच पूर्ण झालेले असल्याने त्याची वेळ रद्द होत नाही. मिश्र रिलेतील पहिल्या टप्प्याची वेळ मात्र जागतिक विक्रमासाठी धरत नाहीत. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पोहणाऱ्याच्या वेळा कोणत्याच वैयक्तिक यादीत जात नाहीत, कारण त्यांना समोरच्याचा हात भिंतीजवळ येताना पाहून उडीची तयारी करता येते.

८०० मीटरच्या शर्यतीत माझी पहिल्या ४०० मीटरची वेळ फार चांगली होती. ती स्वतंत्रपणे धरतील का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

धरू शकतात, पण शर्यतीनंतर आठवण झाली तर उपयोग नाही. मधल्या अंतरासाठी विक्रमाचा दावा करायचा असेल तर ते अंतर खास मोजावे अशी रेफरीकडे आधीच विनंती करावी लागते किंवा ते अंतर यंत्रणेने नोंदवलेले असावे लागते. दोन्ही बाबतींत पूर्ण शर्यत नियमानुसार संपवावी लागते. ४०० मीटरला जीव तोडून पोहायचे आणि मग दम लागला म्हणून बाहेर यायचे, हा मार्ग नियमाने मुद्दाम बंद केला आहे. सावकाश पोहून का होईना, उरलेले अंतर पुरे करावे.

याच अनुषंगाने जपानच्या मिएको नागाओका यांची आठवण होते. ४ एप्रिल २०१५ रोजी, शंभर वर्षांच्या वयात, त्यांनी मात्सुयामा येथे २५ मीटरच्या तलावात १५०० मीटर फ्रीस्टाइल ही शर्यत १ तास १५ मिनिटे ५४.३९ सेकंदांत पूर्ण केली. एवढ्या वयात हे अंतर पुरे करणाऱ्या त्या पहिल्याच. त्या बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर, पोहल्या. फ्रीस्टाइलच्या शर्यतीत कोणत्याही पद्धतीने पोहण्याची मुभा असते, परंतु वेळ फ्रीस्टाइलच्याच यादीत जाते.

मी अंगभर झाकणारा पोशाख घालून पोहते. स्पर्धेत अडवणार नाहीत ना? (एक वाचक, ठाणे)

स्थानिक स्पर्धेत बहुधा अडवणार नाहीत. रेफरीला आधी विचारून ठेवावे. विक्रमासाठी मात्र पोशाखाचे नियम लागू होतात. २०१० पासून पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाऊ शकत नाही. स्त्रियांचा पोशाख मान झाकू शकत नाही, खांद्यांपलीकडे जाऊ शकत नाही आणि गुडघ्याखालीही उतरू शकत नाही. कापड विणलेलेच असावे लागते. त्याआधीच्या दोन वर्षांत पॉलियुरेथेन या न विणलेल्या कृत्रिम पदार्थाच्या पोशाखांनी शरीर पाण्यात वर उचलले जाऊन विक्रमांची रास पडली होती, त्यामुळे हा निर्बंध आला. एकावर एक दोन पोशाख घालणेही चालत नाही. आपल्या पोशाखामागे वेगाचा हेतू नाही, हे उघड आहे. परंतु विक्रमाचा अर्ज तपासणारा हेतू पाहत नाही.

मी ६२ वर्षांचा आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. उत्तेजकांच्या नियमांत त्या येतात का? (एक वाचक, नाशिक)

गोळीत काय आहे यावर ते अवलंबून आहे. रक्तदाबासाठी सर्रास दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध आहे आणि ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) निषिद्ध यादीत आहे, कारण त्याने इतर औषधांचे अंश शरीरातून पातळ होऊन निघून जातात. एकाच गोळीत दोन औषधे असतात तेव्हा दुसरे औषध अनेकदा हेच असते, त्यामुळे पाकिटावरील बारीक अक्षर वाचावे. अ‍ॅटेनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे नेमबाजी, तिरंदाजी अशा खेळांत निषिद्ध आहेत, तलावातील जलतरणात नाहीत. मधुमेहींसाठीचे इन्सुलिनही निषिद्ध यादीत आहे. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप ठरावीक मात्रेपर्यंत, म्हणजे २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम, चालतो.

औषध यादीत आहे म्हणून ते बंद करू नये. असा सल्ला देणाऱ्या प्रशिक्षकाचे ऐकूही नये. उपचारासाठी सूट मागण्याची तरतूद आहे. डॉक्टरांचे पत्र, तपासण्यांचे अहवाल आणि पर्यायी औषध का चालत नाही याचे कारण जोडून अर्ज करता येतो. रक्तदाबासाठी निषिद्ध यादीबाहेरची अनेक औषधे उपलब्ध असल्यामुळे आधी डॉक्टरांनाच विचारावे; पुष्कळदा प्रश्न तेथेच मिटतो.

ट्रान्स स्त्रियांना मास्टर्सच्या महिला गटात विक्रम करता येतो का? वर्तमानपत्रांत उलटसुलट वाचायला मिळते. (एक वाचक, पुणे)

उलटसुलट वाटते, कारण दोन प्रश्न एकत्र केले जातात : कोणाला पोहू द्यायचे आणि कोणाची वेळ धरायची. जागतिक संघटनेने १९ जून २०२२ रोजी बुडापेस्ट येथे धोरण मंजूर केले. त्यानुसार ज्या ट्रान्स स्त्रीने पुरुषी पौगंडावस्थेचा सुरुवातीच्या टप्प्यापलीकडचा भाग अनुभवलेला नाही, तिलाच महिला गटात उतरता येते. मर्यादा १२ वर्षे वय किंवा पौगंडावस्थेची वैद्यकीय मोजमापातील (टॅनर) दुसरी पायरी, यांपैकी जे नंतर येईल ते. हीच अट महिला गटातील जागतिक विक्रमासाठीही आहे, मग तो विक्रम कोणत्याही स्पर्धेत झालेला असो. त्याच वेळी ‘खुला गट’ निर्माण करण्याचे ठरले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या विश्वचषक स्पर्धेत त्या गटासाठी एकही प्रवेशिका आली नाही. देशांतर्गत स्पर्धांचे नियम त्या त्या संघटनेचे असतात आणि काही ठिकाणी सहभागाची मुभा असूनही क्रमवारीत नाव धरत नाहीत. माझ्या मते सहभाग आणि मान्यता यांतली ही रेषा संयोजकांनी प्रवेशपत्रिकेवरच स्पष्ट लिहावी. तलावाकाठी उभे करून एखाद्या व्यक्तीला ती समजावून सांगणे अपमानास्पद आहे.

गुडघेदुखीमुळे मी बटरफ्लायमध्ये डॉल्फिन लाथ (दोन्ही पाय एकत्र वरखाली) सतत मारू शकत नाही, मधूनच बेडकासारखी लाथ मारते. ७०–७४ च्या गटात माझी वेळ धरतील का? (एक वाचक, सांगली)

धरतील. तरुणांच्या स्पर्धेत ही लाथ मारली तर स्पर्धक अपात्र ठरतो, परंतु मास्टर्सच्या नियमांत बटरफ्लायमध्ये ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखी, लाथ चालते. हात मात्र दोन्ही एकाच वेळी पाण्यावरून पुढे यावे लागतात आणि वळताना व शेवटी दोन्ही हातांनी एकाच वेळी स्पर्श करावा लागतो. उडी मारणे अवघड जात असेल तर पाण्यात उतरून भिंतीला रेटा देऊन सुरुवात करण्याचीही परवानगी आहे. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला ब्रेस्टस्ट्रोकची लाथ अधिक त्रासदायक ठरू शकते, तेव्हा अस्थितज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे.